तुओवीचं वळण

तुओवी लीमाताइनेन हिने एकतीस वर्षं खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या पात्याने रस्ता सपाट करणारं यंत्र, चालवला, आणि त्या एकतीस वर्षांत ताशी बारा किलोमीटरच्या वर ती क्वचितच गेली. घाई असलेल्या माणसाने रस्ता करू नये, असं तिचं मत होतं. दर ऑगस्टात तिच्याच रस्त्यांवरून मोटार रॅलीच्या शर्यतीतल्या गाड्या धुरळा उडवत जायच्या. मैलोन्मैल लांबून आलेली माणसं झाडांच्या मुळांवर बसून, सॉसेज भाजत त्या बघायची. तुओवीही बघायची, पण गाड्या नाही. गाडी गेल्यावर खडी कुठे उडाली, चाकोरी किती खोल पडली, ते ती बघायची. शेजारचा माणूस ओरडायचा, "काय उडी मारली बघ!" आणि तुओवी म्हणायची, "हो ना, सगळा बारीक माल गटारात गेला."

ती हौकिवाराची. फिनलंडमधल्या युवास्कुला शहराच्या दक्षिणेला जंगलात तीन तळ्यांच्या मध्ये बसलेलं गाव. एकोणिसाव्या वर्षी ती रस्ता खात्याच्या टोळीबरोबर स्वयंपाकीण म्हणून लागली. बारा वर्षं वाटाण्याचं सूप ढवळलं. मग एका वसंतात ग्रेडरवाला कुस्तामा शेडच्या पायरीवरून घसरला आणि त्याची नडगी मोडली. बर्फ वितळून रस्त्यांची खीर झालेली, दुसरा माणूस मिळेना. तुओवी म्हणाली, "मी बघितलंय त्याला चालवताना. सुपाकडे कुणीतरी लक्ष द्या." टोळीतले लोक हसले. संध्याकाळी ते तिने केलेल्या रस्त्यावरून सायकलींनी घरी गेले तेव्हा हसत नव्हते. कुस्तामा बरा होऊन परतला आणि त्याला रोलर मिळाला.

लग्न तिने केलं नाही. म्हणजे विचारणारा आला होता, सुताराचा मुलगा, चांगला उंचापुरा. पण तो आला एप्रिलच्या शेवटी, चिखलाच्या ऐन हंगामात. ती म्हणाली, "आत्ता डोक्याला वेळ नाही. जूनच्या सणानंतर ये." त्याने त्याच सणाला दुसरीशी साखरपुडा केला. बहीण हळहळली. तुओवी म्हणाली, "दोन महिने ज्याला धीर धरवत नाही, त्याच्याबरोबर चाळीस वर्षं कशी काढायची?" तिला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण फार दिवस वाटलं नाही.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता ती एकाहत्तरची. उजवा गुडघा नवा बसवलेला, अंगणात बटाटे आणि काळ्या बेरींची झुडपं, आणि शनिवारी बहिणीच्या मुलाकडे साउना, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत वाफेचं स्नान. हा बहिणीचा मुलगा आर्त्तू, चव्वेचाळीस वर्षांचा, जंगलात झाडं कापण्याचं अजस्र यंत्र चालवणारा. दिवसभर यंत्रात बसून यायचा आणि संध्याकाळी साउनाच्या बाहेरच्या खोलीत आणखी एका यंत्रात बसायचा. तिथे त्याने रॅलीच्या गाडीची जुनी सीट पाटावर ठोकली होती. पुढे स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर तीन पडदे. त्यात तो 'सोरा' नावाचा गेम खेळायचा. सोरा म्हणजे खडी. गेम करणारी मंडळीही त्याच मुलखातली होती.

जूनच्या पहिल्या शनिवारी तुओवी वेलदोड्याचे पाव घेऊन पोहोचली, तर साउना तापवलेलाच नव्हता.

"मावशी, आधी इकडे ये," आर्त्तूने आतूनच हाक मारली. "काल नवी आवृत्ती आली. सगळंच बदललंय. आणि ऐक, त्यात सुओयोकीचा रस्ता आहे!"

"आपला सुओयोकी?"

"आपलाच. अकरा किलोमीटर. पूर्वी हाताने काढलेले खोटे रस्ते होते. आता खरे मोजलेत. गाडीवर लेझरचं यंत्र लावून गेल्या शरदात मोजत गेले. बस की."

"माझा गुडघा त्या खोबणीत जाणार नाही."

"सीट मागे घेतो. बस तर खरी."

तुओवी बसली. चष्मा पुसला. पडद्यावर उजाडल्यासारखं झालं आणि समोर सुओयोकीचा फाटा उभा राहिला. तिच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघालं. टपालपेट्यांची रांग होती, तिसरी तिरकी पेटीसुद्धा तशीच तिरकी. दुधाचे कॅन ठेवायचा पडका ओटा होता. डावीकडे रांताला कुटुंबाच्या घराचं कुंपण.

"निघ," आर्त्तू म्हणाला. "उजव्या पायाने वेग, डाव्याने ब्रेक."

ती निघाली. गाडीत शेजारी बसलेल्या, न दिसणाऱ्या माणसाचा आवाज पुढची वळणं भराभरा सांगू लागला. तुओवी पस्तीसच्या पुढे जाईना, त्यामुळे तो माणूस एक वळण सांगायचा आणि मग बराच वेळ गप्प बसायचा.

"मावशी, जरा दाब! इथे लोक दीडशेने जातात."

"लोकांना जाऊ दे. मला बघू दे." तिचं तोंड पडद्याच्या अगदी जवळ गेलं होतं. "हे बघ, चढाला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आल्यात. ब्रेक मारतात ना लोक इथे, म्हणून. हे बरोबर केलंय हं यांनी. आणि ही खडी, मध्ये कमी, कडेला जास्त. कुणी सांगितलं यांना?"

"नव्या आवृत्तीत खडी हलते. गाड्या जातील तशी बाजूला होते, चाकोऱ्या पडतात. तेच तर नवीन आहे."

"म्हणजे रस्ता खराब होतो?"

"होतो."

"मग नीट कोण करतं?"

आर्त्तू हसायला लागला. "कोणी नाही. शर्यत संपली की बटण दाबायचं, पुन्हा नवा."

"मज्जाच आहे," तुओवी म्हणाली. बटणाचा तिला किंचित हेवा वाटला. पण मजा मात्र खरीच येत होती. स्टिअरिंग हाताला बारीक थरथर देत होतं आणि ती थरथर तिच्या ओळखीची होती. एखाद्या जुन्या मैत्रिणीने फोनवर "हॅलो" म्हणावं आणि नाव सांगायची गरज पडू नये, तसं. दलदलीतला तुकडा मऊ लागला, खडकावरचा कडक. चौथ्या किलोमीटरला रस्ता किंचित गचकला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "मोरी!" आणि खरंच खाली मोरी होती.

सातव्या किलोमीटरला आल्डरच्या झाडांपाशी डावं वळण आलं, आणि तिचा चेहरा बदलला.

स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं. जोरात नाही, पण ओढत होतं. पस्तीसच्या वेगातही गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू पाहत होती. तिने गाडी थांबवली. जगभरचे लोक जिथे सेकंदाचा शंभरावा भाग वाचवायला धडपडतात, तिथे रस्त्याच्या मधोमध ती थांबली.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"या वळणाला सगळेच शिव्या घालतात. खिसेकापू म्हणतात याला. काल दिवसभरात मी चार वेळा त्या झाडांत गेलो."

"इथला रस्ता आत कलायला हवा. बाहेरची कड उंच. मी ठेवलाय तसा. हा तर बाहेर कलतोय."

"मावशी, लेझरने मोजलंय. मिलीमीटरपर्यंत."

"मी एकतीस वर्षं मोजलंय. कंबरेने."

पुढचे चार किलोमीटर तिने पूर्ण केले. पडद्यावर वेळ आली, एकोणीस मिनिटं आणि वर काही. त्याखाली यादीतला क्रमांक आला, आठ हजार चारशे बारा खेळाडूंत आठ हजार चारशे बारावी. आर्त्तूला हसू आवरेना. तुओवी म्हणाली, "हस, हस. गाडीला एक ओरखडा नाही, तेही लिही म्हणावं." पण साउनाच्या बाकावर, वाफेत बसूनसुद्धा ती त्या वळणाच्याच विचारात होती.

त्या वळणाची गोष्ट तिने कधी कुणाला सांगितलेली नव्हती.

एकोणनव्वदच्या वसंतात शाळेच्या मुलांची टॅक्सी त्या वळणावरून घसरून आल्डरच्या झाडांत उलटी झाली. तुओवी मागून ग्रेडर घेऊन येत होती. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघांना तिने खिडकीतून बाहेर काढलं. एका मुलाचं गळ्याचं हाड मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. मुलगी रडली नाही. पण रुग्णवाहिका येईपर्यंत तिने तुओवीचा अंगठा मुठीत धरून ठेवला होता, इतका घट्ट की नख पांढरं पडलं. चौकशी झाली. चालक बाई जोरात नव्हती, रस्ता नियमाप्रमाणे होता, दोष कुणाचाच नाही असं ठरलं.

त्यानंतर दर वसंतात तुओवीने त्या वळणाची बाहेरची कड दोन बोटं उंच केली. हुकूम नव्हता, नकाशात नव्हतं. पात्याचा कोन जरा बदलायचा, बस. दहा-बारा वर्षांत वळण बशीच्या काठासारखं झालं. पुन्हा तिथे कुणी घसरलं नाही. रॅलीवाले म्हणायचे, हौकिवाराचं ते डावं वळण काय छान पकडतं गाडीला! तिने ते ऐकलं होतं, आणि कॉफीचा घोट घेऊन गप्प बसली होती.

रविवारी सकाळी ती आर्त्तूच्या दारात उभी राहिली. हातात तीन मीटरची फळी आणि पाणसळ.

"मावशी, आज सुट्टी आहे."

"रस्त्यालाही सुट्टी आहे, वाहनं कमी असतील. चल."

ती स्वतः त्या बाजूला गेली नव्हती याला कारण होतं. दुकान, दवाखाना, बहीण, सगळं उलट दिशेला. गुडघ्याच्या दुखण्यात दोन वर्षं तर अशीच गेली. वळणावर पोहोचल्यावर मात्र फळी टाकायचीही गरज पडली नाही. ती मधोमध उभी राहिली आणि नव्या गुडघ्यालासुद्धा कळलं. तरी तिने फळी आडवी टाकली, एक टोक उचलून पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणला. फळीखाली जी फट राहिली, त्यात आर्त्तूचा तळहात आडवा मावला. तोही बाहेरच्या बाजूला.

आर्त्तू डास मारत म्हणाला, "म्हणजे गेम बरोबर होता."

"गेम बरोबर होता." तुओवी फळीवरच बसली. थोड्या वेळाने तिने त्याला टॅक्सीची गोष्ट सांगितली. सगळी, अंगठ्यासकट.

आर्त्तू म्हणाला, "हे तू कुठे लिहून का नाही ठेवलंस?"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही, हे काही उत्तर नव्हे. मला वाटायचं, माझ्यानंतर जो येईल त्याला बसल्याबसल्या कळेल. मला कळायचं ना."

रस्त्याचं काम आता एका ठेकेदाराकडे होतं आणि ग्रेडरवर ओस्सी निस्कानेन नावाचा माणूस होता, पन्नाशीचा, शेजारच्या तालुक्यातून आलेला. सोमवारी तुओवीने त्याला फोन लावला. आपण कोण ते सांगितलं, वळणाचं सांगितलं, आणि कुठून कळलं तेही खरं तेच सांगितलं. इथेच ती चुकली.

"थांबा," ओस्सी म्हणाला. "तुम्ही गेम खेळलात, आणि आता मला रस्ता शिकवताय?"

"गेमने शंका आली. मोजलं पाणसळीने."

"बाई, मी कागदाप्रमाणे काम करतो. कागदात त्या वळणाला मधोमध उंची आणि दोन्हीकडे उतार असं आहे. मी आलो तेव्हा ते वेडंवाकडं होतं, कुणीतरी एकाच बाजूला माल चढवून ठेवला होता. तीन वर्षं लागली मला ते सरळ करायला!"

तुओवीने डोळे मिटले. तीन वर्षं. म्हणजे माणूस नेकीने काम करणारा होता.

"ते कुणीतरी म्हणजे मीच," ती म्हणाली. "आणि तुमची काही चूक नाही. कागद तुमच्या बाजूने आहे. मी तो कधी बदलून घेतला नाही, ही माझी चूक. पण का चढवला होता, ते सांगू?"

पलीकडे इंजिन बंद केल्याचा आवाज आला.

"सांगा," ओस्सी म्हणाला.

तिने सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "बुधवारी पाऊस आहे. गुरुवारी माल ओला असेल. याल का?"

"कॉफी आणते."

"पावही आणा. गुन्हेगाराने तेवढं करायलाच हवं."

गुरुवारी सकाळी हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. ओस्सी ग्रेडरमधून उतरला, बुटका, लालबुंद मानेचा, आणि हात पुढे करून म्हणाला, "या, बसा आत. तुमचीच जागा आहे."

तुओवी कशीबशी शिडी चढली. आत स्टिअरिंगच नव्हतं. दोन्ही हातांखाली दोन लहान काड्या, पुढ्यात पडदा. तिने काड्यांकडे पाहिलं, मग ओस्सीकडे.

"हे तर आर्त्तूच्या गेमसारखंच दिसतंय."

"फक्त तिथे बटण दाबलं की रस्ता नवा होतो म्हणे."

"तुला कसं माहीत?"

"माझ्याकडेही आहे तो," ओस्सी म्हणाला, आणि त्याची मान आणखी लाल झाली. "मीही त्या वळणावर झाडात जातो. मला वाटायचं, माझाच हात कच्चा."

तुओवी इतकी हसली की तिला शिडीचा कठडा धरावा लागला. मग ती खाली उतरली आणि रस्त्यातच उभी राहिली. काड्या तिच्या नव्हेत, पण रस्ता तिचा होता. ती हाताने दाखवत गेली. तळहात वर केला की पातं वर, बोट फिरवलं की कोन. ओस्सी हुशार होता. पहिल्या फेरीत त्याने माल जास्त ओढला, दुसरीत कमी, तिसऱ्या फेरीला त्याने तिच्या हाताकडे बघणंच सोडून दिलं. सातव्या फेरीनंतर रोलरचं काम झालं, तेव्हा लाकडाचा एक लांबलचक ट्रक आला, साठ टन ओंडके भरलेला. दोघे कडेला उभे राहिले. ट्रक वळणात शिरला, थोडा आत झुकला, आणि जणू कुणी हाताला धरून नेल्यासारखा पलीकडे निघून गेला. चालकाने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.

"हं," ओस्सी म्हणाला.

"हं," तुओवी म्हणाली. फिनलंडात एवढ्यात बरंच काही बोलून होतं.

इकडे आर्त्तूने आगाऊपणा केला होता. नव्या आवृत्तीबद्दल पहिलं मत काय, असं खेळाडू एकमेकांना विचारतात, तिथे त्याने मावशीचं मत लिहून टाकलं. लाटा बरोबर, मोरी बरोबर, खडीची चाल उत्तम, आणि खिसेकापू वळण हा गेमचा नव्हे तर रस्त्याचाच दोष, तो आता दुरुस्त होत आहे. ते शेकडो लोकांनी वाचलं. पुढच्या आठवड्यात गेमच्या कचेरीतून सानेल्मा नावाच्या बाईचा फोन आला. आवाजात अदब होती.

"आम्ही पेचात पडलोय," ती म्हणाली. "वळण पुन्हा मोजायला येऊ, की तुम्ही सांगाल तसं बदलू? लोक म्हणतात, तुओवीचं वळण द्या."

तुओवीने विचार केला. खिडकीबाहेर बटाट्यांना फुलं यायला लागली होती.

"आहे तसंच ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही जे पाहिलं ते खरं मांडलंत, म्हणून तर मला कळलं. तुमच्या झाडांत पडलं तर कुणाचं हाड मोडत नाही. तिथे पडू देत. आमचं आम्ही नीट केलंय."

"पण मग या रस्त्याबद्दल अजून काही माहिती असेल तर—"

"आहे," तुओवी म्हणाली. "पण ती आधी ओस्सीला द्यायची आहे."

ती खरंच लिहायला बसली होती. शाळेनंतर एवढं सलग तिने कधी लिहिलं नव्हतं. चौकटीची वही, पेन्सिल, रोज सकाळी कॉफीनंतर अर्धा किलोमीटर. कुठे खडक वर आहे आणि पातं लागतं. कुठे एप्रिलमध्ये पाणी आडवं येतं. कुठल्या चढावर बारीक माल टिकत नाही, कारण खाली झरा आहे. आर्त्तूने शनिवारी विचारलं, "खेळणार ना आज?" तर म्हणाली, "खेळणार. पण आज मी दाबणार आहे." तिने साठपर्यंत दाबलं, खिसेकापूने तिला सरळ आल्डरमध्ये घातलं. ती उलट्या पडद्याकडे बघत समाधानाने म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?"

वही तीन आठवड्यांनी पुरी झाली. ओस्सी स्वतः येऊन घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"वाचतोय. आत्ता ग्रेडर घेऊन नऊ पूर्णांक दोन किलोमीटरला उभा आहे. इथे काय लिहिलंय? 'उजव्या कडेला पातं उचलणे, जुलै संपेपर्यंत.' का? खडक आहे?"

"नाही. तिथे खडीत एक छोटा पक्षी अंडी घालतो. टिटवीच्या जातीतला, गळ्यात काळा पट्टा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, वरून कळत नाही."

"मावशी," ओस्सी म्हणाला. केव्हातरी तोही तिला मावशी म्हणू लागला होता. "तुम्हाला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पक्षी काय कागद बघून येतो?"

"तू उतरून पाहिलंस का?"

फोन चालूच राहिला. दार उघडल्याचा, शिडीचा, मग खडीवर बुटांचा आवाज तिला ऐकू आला. मग बुटांचाही थांबला. तिने कॉफीचा कप खिडकीत ठेवला आणि वाट बघितली. तिला कसली घाई नव्हती.

"चार आहेत," ओस्सी अगदी हळू आवाजात म्हणाला.